शृंगप्रवाळ : वाढ आणि विस्तार

पोवळे म्हटले की अंगठीतील तांबडा खडा आठवतो. तो भूमध्य समुद्रातील एका निराळ्या प्रवाळापासून मिळतो. उष्ण समुद्रांत प्रवाळभित्ती उभारणाऱ्या प्रवाळांचे सर्वांत मोठे कुल ॲक्रोपोरिडी हे होय. त्यातील ॲक्रोपोरा वंशाच्या पुष्कळ जातींना सांबराच्या शिंगांसारख्या फांद्या फुटतात; म्हणून त्यांना येथे शृंगप्रवाळ म्हटले आहे.

अशी फांदी वनस्पतीसारखी दिसली, तरी ती प्राण्यांची वसाहत असते. तिच्यावरील प्रत्येक चिमुकल्या पेल्यात एकेक पॉलिप राहतो. एका मूळ पॉलिपाला अंकुर फुटत जाऊन हजारो पॉलिप निर्माण होतात. ते जिवंत ऊतकाने परस्परांशी जोडलेले असल्यामुळे एकाने मिळविलेले अन्न शेजाऱ्यांनाही पोहोचते. फांदीच्या टोकाशी असलेला पॉलिप पुढे वाढत राहतो व त्याच्या बाजूंना नवे पॉलिप अंकुरतात. चुन्याचा सांगाडा सच्छिद्र व हलका असतो. त्यामुळे काही जातींच्या फांद्या वर्षाला सुमारे १० सेंटिमीटर वाढतात. घुमटाकार प्रवाळांची वाढ पुष्कळदा १ सेंटिमीटरच्या आसपास असते.

या वेगाचे रहस्य पॉलिपाच्या ऊतकात राहणाऱ्या सूक्ष्म शैवलांत आहे. शैवले सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात व त्याचा मोठा वाटा पॉलिपास देतात. म्हणून शृंगप्रवाळांना उबदार, उथळ व स्वच्छ पाणी लागते. मोठ्या नद्यांच्या गढूळ मुखांशी ते आढळत नाहीत. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकपर्यंत त्यांचा विस्तार असून इंडोनेशिया व फिलिपाइन्सभोवती त्यांच्या जाती विपुल आहेत. भारतात ते अंदमान-निकोबार, लक्षद्वीप व मन्नारच्या आखातात आढळतात.

परंतु हीच भागीदारी त्यांना नाजूकही करते. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी केवळ १ अंश सेल्सियसने काही आठवडे अधिक तापले, तर पॉलिप शैवले बाहेर टाकतात व वसाहत पांढरी पडते. ताप लवकर ओसरला तर ती सावरते. लांबला तर उपासमारीने मरते. १९९८, २०१० व २०१६ साली लक्षद्वीपात असे विरंजन घडले. शृंगप्रवाळ त्यास विशेष लवकर बळी पडतात.

लक्षद्वीपाची सखल बेटे प्रवाळांच्याच चुन्यावर व वाळूवर उभी आहेत, आणि भोवतीची भित्ती लाटांचा जोर मोडते. मेलेल्या फांद्या झिजून भुगा होतात; तो आघात सोसण्यास भित्ती पुन्हा उभारणारे जिवंत पॉलिपच लागतात.