जुन्या नावाची लिंक करू नकोस गं

हे बघ, आधी घाबरू नकोस. उबुंटू 20.04 वरून 22.04 वर आलीस आणि रोजचं सॉफ्टवेअर ‘लिबएसएसएल.एसओ.1.1 सापडत नाही’ म्हणत अडून बसलं, यात तुझा काही दोष नाही. 22.04 मध्ये ओपनएसएसएल 3 आलं. जुनी लायब्ररी कोणत्याच पॅकेजला लागत नाही असं दिसलं, म्हणून अपग्रेडच्या शेवटच्या साफसफाईत तीही गेली. त्या सॉफ्टवेअरच्या डेब पॅकेजमध्ये ‘मला ही लायब्ररी लागते’ एवढं नोंदवलेलं असतं, तर पॅकेजं सांभाळणाऱ्या एप्टने तिला हात लावला नसता. ती नोंद पॅकेज बांधणाऱ्याने करायची असते. डेबियनच्या जगात त्यासाठी डीपीकेजी-शलिबडेप्स नावाचं साधनही आहे. तरीही ती नोंद झाली नाही, मला खरा राग येतो तो याचा.

आता कुणीतरी सांगेलच, ‘नव्या फाइलला जुन्या नावाची सिमलिंक कर, झालं काम.’ ते मात्र करू नकोस, माझी शपथ आहे. नावाच्या शेवटी आकडा बदलतो तेव्हा लायब्ररीचा प्रोग्रॅमशी असलेला करारच बदललेला असतो. ओपनएसएसएलच्या बाबतीत लोडर सिम्बॉलची आवृत्ती तपासून पुन्हा अडवेल, ते एक बरं. पण सगळ्याच लायब्रऱ्यांत अशी आवृत्ती नोंदलेली नसते. तिथे प्रोग्रॅम सुरू होतो आणि मध्येच कुठेतरी कोसळतो, किंवा गुपचूप चुकीची उत्तरं देतो.

जुन्या उबुंटूचं लिबएसएसएल उचलून आणलंस तर चालेल, पण 1.1.1 ला ओपनएसएसएलकडून मिळणारा मोफत आधार सप्टेंबर 2023 मध्येच संपला. 2014 मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचं सुरक्षेचं भगदाड सापडलं तेव्हा डिस्ट्रोंनी एक लायब्ररी दुरुस्त केली आणि सेवा रीस्टार्ट करताच तिच्यावर चालणारे सगळे प्रोग्रॅम सावरले. सामायिक लायब्ररीचं हेच तर मोल. बाहेरून आणलेल्या फाइलला ते छत्र नाही.

म्हणून आधी एलडीडी ही आज्ञा चालवून काय काय हरवलंय ते बघ. फाइल अनोळखी असेल तर रीडएल्फ वापर, कारण एलडीडी कधीकधी तो प्रोग्रॅमच चालवून बसतं. मग 22.04 साठी बांधलेलं नवं पॅकेज शोध. नसेलच, तर 20.04 च्या कंटेनरमध्ये ते वेगळं ठेव, आणि बनवणाऱ्यांना बग कळव. रीडएल्फने दाखवलेल्या ‘नीडेड’च्या, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या, ओळी त्यात जशाच्या तशा चिकटव. लाजू नकोस, हे त्यांना कळायलाच हवं. आणि हो, एप्ट काही काढायला निघालं, तर ‘वाय’ दाबण्याआधी ती यादी मला पाठव.