आजीची पडशी

मृगाचा पाऊस पडला, की पेरण्या उरकून, किंवा त्या घरच्या माणसांवर सोपवून, वारकरी आळंदीची वाट धरतात. ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी तेथून निघते. आणि पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण असे मुक्काम करीत आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पंढरपुरास पोहोचते. हे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे.

मी बारा वर्षांचा असताना आजीबरोबर प्रथम या वाटेने गेलो. निघण्याच्या आदल्या रात्री मी माझे सामान बांधले. चार सदरे, दोन चादरी, उशी, चपलांचा जादा जोड, लाडवांचा डबा आणि गोष्टींचे एक जाडजूड पुस्तक! आजी काही बोलली नाही. तिने ते गाठोडे माझ्या खांद्यावर ठेवले व म्हणाली, "जा, मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन ये."

देऊळ काही दूर नव्हते. पण परत आलो तेव्हा माझा खांदा लाल झाला होता.

मग आजीने गाठोडे सोडले. "एक सदरा अंगात, एक धुवायला. तिसरा कशाला रे?" धोतराची घडी डोक्याखाली घेता येते, म्हणून उशी गेली. दोन चादरींच्या जागी एक घोंगडी आली. रात्री ती अंथरायची, आणि पाऊस आला तर तिचीच खोळ करून डोक्यावर घ्यायची.

"पण आपल्या दिंडीबरोबर मालमोटार आहे ना?" मी कुरकुरलो.

"आहे. राहुट्या, भांडी, धान्य सारे तीत जाते. पण ती भेटते संध्याकाळी, मुक्कामावर. पाऊस दुपारी आला तर?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आजीची पडशी मात्र पाहण्यासारखी होती. पडशी खांद्यावर टाकली, की तिचा एक कप्पा छातीवर येतो व दुसरा पाठीवर. त्यामुळे भार दोन्हीकडे सारखा राहतो. पुढच्या कप्प्यात गोपीचंदन, बुक्का, हरिपाठाची लहानशी पोथी आणि गूळ-शेंगदाणे. मागच्यात लुगडे आणि तांब्या. तिने मलाही तशीच पडशी भरून दिली. ती झोपल्यावर मी पुस्तक हळूच मागच्या कप्प्यात सरकवले.

पुणे ते सासवड हा टप्पा फार लांबचा, सुमारे ३० किलोमीटरांचा. आणि त्यात दिवे घाटाची चढण. घाटात पाऊस सुरू झाला. टाळमृदंगाच्या नादात सारे पुढे चालले होते. माझे मात्र पाय उचलेनात. पडशी भिजली, पुस्तक भिजले व आणखी जड झाले.

दिंडीतील स्त्रिया तुळशीवृंदावन आळीपाळीने डोक्यावर घेतात. त्या दिवशी आजीची पाळी होती. पितळेचे वृंदावन, त्यात माती, आणि वरून पावसाचे पाणी! एका हाताने ते सावरीत ती चढत होती. इतके ओझे घेता यावे म्हणूनच तिने घरी एकेक वस्तू वगळली होती, हे तेव्हा कोठे माझ्या ध्यानात आले.

मी मागे पडलेला पाहून ती थांबली आणि माझी पडशी तिने आपल्या मोकळ्या खांद्यावर घेतली. मागच्या कप्प्यातील चौकोनी वस्तू तिच्या हाताला लागली असावी. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि ती चालू लागली. ती रागावली असती, तर मला बरे वाटले असते.

सासवडला एका घरी आम्हांला चहा मिळाला. तेथे माझ्याच वयाचा एक मुलगा होता. त्याच्या चुलीपाशी पुस्तक वाळवून मी ते त्यालाच देऊन टाकले.

सासवडहून पालखी निघाली, त्या पहाटे आजी पडशी शोधू लागली. ती माझ्या खांद्यावर होती, माझ्या पडशीच्या शेजारी.