यकृतदाहाचे निर्मूलन : तंजावरचा धडा आणि जागतिक जनचळवळ

तमिळनाडूतील तंजावर मराठी वाचकास परिचित आहे ते प्रामुख्याने सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. याच नगरीत सरफोजीराजे भोसले दुसरे (राज्यकाल १७९८-१८३२) यांनी ‘धन्वंतरी महाल’ ही वैद्यकसंस्था उभारली. तेथे औषधे तयार होत, रुग्णांवर उपचार केले जात. त्या परंपरेतील उपचार पुढे ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या तमिळ ग्रंथमालेत संकलित झाले. उपचाराला अनुभवाची व नोंदीची जोड हवी, हा त्यातून मिळणारा धडा. विषाणूजन्य यकृतदाह म्हणजेच हिपॅटायटिस, या रोगाच्या संदर्भात तो आजही महत्त्वाचा आहे.

रोगाचे स्वरूप

यकृतदाहाचे अ, ब, क, ड आणि ई असे पाच प्रमुख विषाणू आहेत. अ आणि ई हे मुख्यतः दूषित पाणी व अन्नातून पसरतात. त्यांनी होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. मात्र गर्भवतींमध्ये ई विषाणू घातक ठरू शकतो. ब आणि क हे रक्तावाटे, असुरक्षित इंजेक्शनातून पसरतात. ब विषाणूचा संसर्ग प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकास तसेच लैंगिक संबंधांतूनही होतो. ड विषाणूची बाधा केवळ ब विषाणूच्या सोबतीनेच होते. ब आणि क शरीरात वर्षानुवर्षे लक्षणांविना राहून अखेरीस यकृत निबर होण्यास व यकृताच्या कर्करोगास कारणीभूत ठरतात.

येथेच एक मोठा गैरसमज जन्म घेतो. आपोआप बऱ्या होणाऱ्या काविळीचे श्रेय घेतलेल्या औषधाला मिळते आणि तेच औषध ब व क प्रकारांवरही गुणकारी मानले जाते. कावीळ दिसत नाही म्हणजे रोग नाही, असेही समजले जाते. परिणामी तपासणी लांबते.

दाव्याची परीक्षा

तमिळ प्रदेशात काविळीवर ‘कीळानेल्ली’, म्हणजे आपली भुईआवळी, पूर्वापार वापरली जाते. ब विषाणूच्या शोधासाठी १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे बारुख ब्लुमबर्ग आणि मद्रासचे संशोधक एस. पी. त्यागराजन यांनी सहकाऱ्यांसह या वनस्पतीची चाचणी घेतली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध घेणाऱ्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून ब विषाणूचा पृष्ठ-प्रतिजन नाहीसा झाला. औषधाविना केवळ गोळी घेणाऱ्या २३ जणांत असे एकाच्याच बाबतीत घडले. निष्कर्ष आशादायक होते, परंतु नंतरच्या अभ्यासांत त्यांना खात्रीलायक पुष्टी मिळाली नाही. परंपरेचा अनादर न करता तिची परीक्षा घेणे, आणि परीक्षेचा प्रतिकूल निकालही स्वीकारणे, ही शास्त्रीय वृत्ती होय. जनजागृतीचा पायाही हाच असावा.

साधने आहेत, मागणी हवी

ब विषाणूवर प्रभावी लस आहे. भारतात १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने स्वदेशी पुनःसंयोजित लस बाजारात आणली आणि किमती खाली येण्यास मदत झाली. २०११ च्या डिसेंबरात तमिळनाडू व केरळ या राज्यांत प्रथम पंचगुणी लस सुरू झाली. तिच्यातही ब विषाणूविरोधी घटक असतो. जन्मानंतर २४ तासांच्या आत दिलेली मात्रा मातेकडून होणारा संसर्ग रोखण्यासाठी निर्णायक असते. क विषाणूवर लस नाही, पण साधारणतः १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. २०१३ मध्ये अमेरिकेत यातील सोफोसबुवीर या औषधाच्या उपचारक्रमाची किंमत ८४,००० डॉलर होती. रुग्णसंघटनांचा पाठपुरावा, पेटंटला घेतलेल्या हरकती व २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना मिळालेले परवाने यांनंतर स्वस्त पर्याय उपलब्ध झाले.

संघटित मागणीचे हे सामर्थ्य जागतिक पातळीवरही दिसले. रुग्णांच्या पुढाकारातून २००७ मध्ये ‘वर्ल्ड हिपॅटायटिस अलायन्स’ स्थापन झाली. २०१० मध्ये जागतिक आरोग्य सभेने ठराव करून ब्लुमबर्ग यांचा जन्मदिन, २८ जुलै, हा जागतिक यकृतदाह दिन ठरवला. २०१६ च्या जागतिक धोरणाने २०३० पर्यंत नवे संसर्ग ९० टक्क्यांनी व मृत्यू ६५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. येथे ‘निर्मूलन’ म्हणजे विषाणूचा समूळ नाश नव्हे, तर सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचा अंत, हे ध्यानी घ्यावे.

भारतापुढील आव्हान

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात ब प्रकाराचे सुमारे २.९८ कोटी व क प्रकाराचे सुमारे ५५ लाख बाधित होते. जगभरात ब प्रकाराच्या केवळ १३ टक्के बाधितांचे निदान झाले होते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात ब व क प्रकारांची मोफत तपासणी व उपचार समाविष्ट आहेत.

तथापि सेवा उपलब्ध असणे आणि ती घेतली जाणे यांत अंतर असते. ज्याला रोगाची जाणीव नाही तो तपासणीची मागणी करत नाही. ज्याला ती आहे तो नोकरी, विवाह व प्रतिष्ठा यांच्या भीतीने मौन पाळतो. वास्तविक एकत्र जेवल्याने वा हस्तांदोलनाने ब व क विषाणू पसरत नाहीत. म्हणून या चळवळीचे कार्य दुहेरी आहे : शासनाकडे औषधे व तपासणीची मागणी लावून धरणे आणि समाजातील भेदभाव व अपसमज दूर करणे. क्षयरोग व एड्स यांच्या विरोधात जो लोकसहभाग दिसला, तसाच येथेही घडावा लागेल. खोट्या आशेच्या जागी सिद्ध उपचार आणि मौनाच्या जागी तपासणी आली, तरच २०३० चे उद्दिष्ट कागदावरून गावागावांत उतरेल.

अभ्यासासाठी प्रश्न
१. रोगाचे ‘निर्मूलन’ व विषाणूचा ‘समूळ नाश’ यांतील भेद स्पष्ट करा.
२. औषधे उपलब्ध असूनही रुग्ण उपचारापासून वंचित का राहतात? यकृतदाहाच्या आधारे चर्चा करा.