आधी डाग बघ, मग धू

सांगली
आषाढ वद्य पंचमी

चि. मनू हिस,


काल फोनवर तुझा आवाज भरून आला, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. बाळ दीड महिन्याचं, रात्रीची झोप धड नाही, आणि त्यात गॅलरीतल्या दोरीकडे बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, दुपटी एवढी पिवळी कशी राहतात?" तेवढ्यानं तुला वाटलं, आपल्याला साधे लंगोटही धुता येत नाहीत. बत्तीस वर्षं मी प्रसूती विभागात परिचारिका होते. किती लंगोट या हातांनी सोडले आणि बांधले त्याची मोजदाद नाही. म्हणून सांगते, धुतल्यावर पिवळी छटा उरली म्हणजे कापड घाण राहिलं असं मुळीच नाही. घाण साबणानं जाते, रंग मागे राहतो. ही दोन वेगळी कामं आहेत.

हा पिवळा रंग बिलिरुबिनचा, कावीळ झाली की रक्तात तपासतात त्याचाच. यकृत तो पित्तातून आतड्यात सोडतं. आपल्या आतड्यातले जंतू त्याचं रूपांतर तपकिरी रंगात करतात. अंगावर पिणाऱ्या तान्ह्याच्या आतड्यात ते जंतू अजून पुरते वसलेले नसतात, म्हणून त्याची शी पिवळीधमक. आणि या रंगावर सगळ्यात चांगला उतारा म्हणजे उजेड.

आम्हाला शिकताना एक गोष्ट सांगितली होती, ती मी कधी विसरले नाही. इंग्लंडमध्ये रॉचफर्डच्या रुग्णालयात १९५६ च्या उन्हाळ्यात सिस्टर वॉर्ड नावाची परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात मोकळ्या हवेत न्यायची. एकदा तिनं डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. त्याचं अंग उजळलं होतं, फक्त चादरीचा कोपरा जिथे पडला होता तेवढा त्रिकोण पिवळा राहिला होता. पुढे तिथेच रक्ताची एक नळी उन्हात राहिली आणि तिच्यातलं बिलिरुबिन उतरलेलं आढळलं. १९५८ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी हे छापून प्रसिद्ध केलं, आणि त्यातून काविळीच्या बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवण्याचा उपचार आला. तुझं बाळ दोन दिवस त्या दिव्याखाली होतं ना? बाळाच्या कातडीतून दिव्यानं जो रंग काढला, तोच दुपट्यातून ऊन काढतं.

आता धुण्याचं सांगते. शी आधी गार पाण्याच्या धारेखाली धर, तीही कापडाच्या उलट बाजूनं, म्हणजे ती आत न मुरता बाहेर ढकलली जाते. कढत पाणी सुरुवातीला नको. अंडं उकळल्यावर घट्ट होतं तसा शीतला प्रथिनांचा भाग धाग्यात घट्ट बसतो. मग साबण चोळून अर्धा तास ठेव आणि धू. एन्झाइमवाली पावडर असेल तर कोमट पाणी घे, उकळत्या पाण्यात तिचा गुण मरतो. फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळ. बाळाच्या मांड्या लाल होतात त्यात कापडात राहिलेल्या साबणाचाही हात असतो. नंतर ओलं कापडच, डागाची बाजू उन्हाकडे करून वाळत घाल. हट्टी डागावर लिंबाचे चार थेंब चोळ, पण बाळाला वापरण्याआधी ते पुन्हा पाण्यातून काढ. आषाढात ऊन कुठलं, म्हणशील. ढगातून येणारा उजेडही काम करतो, खिडकीच्या काचेतूनही करतो, फक्त दोन-तीन दिवस लागतात. डाग असताना इस्त्री मात्र फिरवू नकोस.

तुमच्या सोसायटीत बोअरचं जड पाणी येतं. त्यात साबण फेसाळत नाही, त्याचा चिकट थर कापडावर बसतो आणि लंगोट पापडासारखे कडक होतात. पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालत जा. कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव बाळाच्या कापडाला अजिबात नको, त्यानं धाग्यावर थर चढतो आणि कापड शू शोषेनासं होतं. विकतच्या कापडी डायपरांचं बाहेरचं जलरोधक अस्तर उकळून खराब होतं, तेव्हा त्यावर छापलेली सूचना वाच आणि तेवढीच पाळ.

हळदीचं एक सांगायलाच हवं. हळदीच्या बाजारात राहणारी मावशी ते नाही सांगणार तर कोण! तुमची मालीशवाली बाई डाळीच्या पिठात हळद घालते. ते दुपट्याला लागलं आणि त्यावर साबण फिरवला की डाग क्षणात लालभडक होतो. आमच्या विभागात एक पहिलटकरीण नळाखाली ते बघून किंचाळली होती, तिला वाटलं बाळाला रक्त पडलं. मी त्याच डागावर लिंबू पिळलं, तो तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा पिवळा झाला. साबणाच्या खारानं हळद लाल होते, आंबटानं परत फिरते. उन्हात तीही उडते.

ब्लीचची चूक मी स्वतः केली आहे. माझ्या धाकट्याच्या वेळी पांढरेशुभ्र लंगोट हवेत या हट्टापायी शूनं भिजलेल्या बादलीतच ब्लीच ओतलं. शूमधल्या अमोनियाशी ते मिसळलं आणि न्हाणीघरात डोळे चुरचुरले, घसा धरला. लंगोट पांढरे झाले खरे, पण महिन्याभरात विरले, आणि पोराच्या मांड्या सोलवटून निघाल्या. ते दुःख मला अजून आहे.

आईनं ट्रंकेतली जुनी दुपटी तुला पाठवली आहेत. जुन्या सुती लुगड्यासारखं मऊ कापड दुसरं नाही, पण त्या ट्रंकेत डांबरगोळ्या आहेत. नॅफ्थलीनच्या वासाची ती कापडं तशीच बाळाला गुंडाळू नकोस. ज्या बाळांत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्या नॅफ्थलीननं फुटतात आणि कावीळ वाढते. तुझ्या बाळाची ती तपासणी झालेली नाही. दुपटी दोनदा धू, काही दिवस वाऱ्यावर टाक, आणि तरीही वास राहिला तर ती बाळासाठी नाहीत असं समज. आईशी मी बोलते.

आता ज्यासाठी खरं पत्र लिहायला बसले ते. मनू, डाग पुसायच्या आधी रोज एकदा नीट बघ. बाळाची शी पिवळी, हिरवट, तपकिरी, कशीही चालेल. शाडूच्या मातीसारखी किंवा खडूसारखी फिकट चालणार नाही. आणि तान्ह्याच्या शूचा रंग पाण्यासारखा असतो, तिचा दुपट्यावर गडद पिवळा डाग पडता कामा नये. या दोन गोष्टी आणि पंधरवड्यानंतरही न गेलेली कावीळ म्हणजे पित्ताची वाट बंद असण्याची शंका. त्यावर जपानच्या मोरिओ कासाई यांनी शोधलेली शस्त्रक्रिया आहे, पण ती पहिल्या दोन महिन्यांत झाली तर जास्त गुण येतो.

साडेतीन महिन्यांचं एक बाळ आमच्याकडे आलं होतं. घरी आजी लेकीला विश्रांती मिळावी म्हणून पहाटे उठून सगळे लंगोट धुऊन टाकायची. फिकट शी तिला नुसत्या दुधाची वाटली, शूचे पिवळे डाग तिनं घासून घासून काढले. आईनं दोन्ही कधी पाहिलेच नाहीत. शस्त्रक्रिया झाली, पण यकृत तोवर कडक झालं होतं. ती आजी ओसरीवर कोरडे, स्वच्छ लंगोट मांडीवर घेऊन बसलेली मला अजून दिसते.

तुझ्या दोरीवर जी शीनं पिवळी झालेली दुपटी आहेत, ती तुझ्या बाळाचं पित्त नीट वाहतंय हे सांगतात. काकूंना हे सांग, किंवा नको सांगूस. धुणं तू कर, जावईबापूंना करू दे, बाईला दे, पण लंगोट पाण्यात पडायच्या आधी तुझी नजर त्यावर पडू दे. कधी फिकट दिसलाच, तर धुऊ नकोस. तसाच पिशवीत घालून त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा.

तुझी,
मावशी