किनाऱ्यावरचा कचरा आणि आपले हात

दादरच्या किनाऱ्यावर सफाईला जाण्याचा विषय विहारात निघाला, तेव्हा एका मावशींनी मला सरळ विचारलं, "ताई, आमच्या सासूच्या हातातला झाडू सुटायला दोन पिढ्या गेल्या. आता शिकलेल्या पोरींना पुन्हा कचरा उचलायला नेता?"

प्रश्न रास्त आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचं मांस खाणं सोडायला सांगितलं, ते माणसाच्या मानासाठीच. जन्माने गळ्यात मारलेलं काम आणि सगळ्यांनी मिळून केलेलं श्रमदान या वेगळ्या गोष्टी आहेत. वर्सोव्याला २०१५ च्या ऑक्टोबरात अफरोज शाह हे वकील आणि त्यांचे चौऱ्याऐंशी वर्षांचे शेजारी अशा दोघांनी कचरा उचलायला सुरुवात केली. मग लोक येत गेले. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. जिथे वकीलही वाकतो तिथे आपणही वाकू. पण जिथे वस्तीतल्या पोरांनी उचलायचं आणि बाकीच्यांनी फोटो काढायचे, तिथे मी कुणाला पाठवणार नाही.

आता आरोग्याचं. किनाऱ्यावरचा बराचसा कचरा समुद्रात जन्मत नाही. गुटख्याच्या पुड्या, पिशव्या, थर्माकोल, बाटल्या हे सगळं नाल्यातून, मिठीतून जातं आणि पावसाळ्यात मोठ्या भरतीला परत फेकलं जातं. जाता जाता ते नाला तुंबवतं आणि पाणी आपल्याच घरात शिरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसाला कुठलाच नाला पुरला नसता, पण प्लास्टिकने तुंबलेल्या नाल्यांनी हाल वाढवले. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोची साथ आली. उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या साध्या भेगेतूनसुद्धा हा आजार शिरतो. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही दिसलं तर क्रोसिनवर दिवस काढू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाण्यातून चालून आलात आणि अजून काही त्रास नसला तरी तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा, प्रतिबंधक गोळी तेच ठरवतील. गरोदर असाल तर आधी सांगा.

सफाईला जाताना ओहोटीची वेळ बघून जा. जाड रबरी हातमोजे आणि बंद बूट हवेतच, चप्पल चालणार नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर आधी विचारून घ्या. मधुमेह असलेल्यांनी, पायाला जखम असलेल्यांनी काठावर बसून पोत्यांची नोंद ठेवावी. तेही कामच आहे. आणि नाल्यात कुणीही उतरायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. ते काम यंत्राचं आहे.

सुईची भीती मला सगळ्यात जास्त वाटते. वाळूत सिरिंज दिसली की मुलांना लांब करा. हाताने उचलू नका, टोपण लावायचा प्रयत्न करू नका. चिमट्याने धरून जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका आणि तो डबा बाकीच्या कचऱ्यात न मिसळता पालिकेच्या माणसाच्या हाती सांगून द्या, नाहीतर पुढे ती सुई दुसऱ्या कामगाराच्या बोटात जाईल. टोचलीच तर बोट तोंडात घालू नका, पिळू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या लागल्या तर त्या काही तासांत सुरू व्हाव्या लागतात, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही. कावीळ ब ची लस घेतली आहे का, तेही तिथे सांगा.

निघायच्या आधी उचललेली पोती कोण आणि कधी नेणार, हे पालिकेकडून ठरवून घ्या. किनाऱ्यावर सोडलेलं पोतं पुढच्या भरतीत फाटतं. कशाची किती पोती भरली ती वहीत लिहा. तीच वही घेऊन वॉर्ड ऑफिसला जायचं आणि विचारायचं, आमच्या गल्लीत घंटागाडी रोज का येत नाही? कचरापेटी कुठे आहे? पेटीच नसेल तर बाई पिशवी नाल्यात टाकणार नाही तर काय करणार?

मावशींना मी एवढंच म्हटलं की तुम्ही वही धरा. त्या येणार आहेत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जातानाही घरून पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा न्यायचा, हे त्यांनीच मंडळात सांगितलं आहे.