शेवटच्या दारापर्यंत : क्षयरोगाची मोहीम आणि आपण

विहारात आरोग्य शिबिर झाले की आपल्याला समाधान वाटते. वंदना होते, डॉक्टर येतात, रक्तदाब आणि साखर तपासली जाते. मागच्या शिबिरानंतर आम्ही कार्यकर्ते नावांची वही घेऊन बसलो, तेव्हा एक गोष्ट खटकली. आलेले बहुतेक जण विहारात नेहमी येणारेच होते. नाल्याकडच्या शेवटच्या गल्लीतले एकही नाव वहीत नव्हते. रात्री खोकल्याचा आवाज मात्र तिकडूनच येतो.

म्हणून या वेळचा धडा क्षयरोगाचा, म्हणजे टीबीचा, आणि त्या शेवटच्या गल्लीचा.

मागे कोण राहतो?

पहाटे नाक्यावर उभा राहणारा बिगारी मागे राहतो. आशाताई अकरा वाजता येतात तेव्हा तो कामावर असतो. दगडाच्या धुळीत राबणारा, सफाई कामगार, एकटी म्हातारी, दारूच्या आहारी गेलेला, नुकताच आलेला भाडेकरू हेही मागे राहतात. लग्न जमणार नाही म्हणून मुलीचा आजार लपवला जातो. माहेरी धाडतील या भीतीने सून गप्प राहते. अर्धपोटी माणूस, मधुमेही, एचआयव्ही असलेला आणि व्यसनी यांना टीबीचा धोका जास्त असतो. म्हणजे ज्यांना तपासणीची गरज जास्त, तेच शिबिराला येत नाहीत. त्यांच्याकडे आपणच गेले पाहिजे.

दारात काय विचारायचे?

"तुमच्याकडे टीबी आहे का?" असे गल्लीत मोठ्याने विचारू नये. घरात बसावे, पाणी प्यावे, मग हळू विचारावे : दोन आठवड्यांहून जास्त खोकला कुणाला आहे? संध्याकाळी ताप येतो का? वजन उतरले का? रात्री घाम फुटतो का? बेडक्यातून रक्त पडते का? मानेला गाठ आली आहे का? यातले एक जरी असेल तरी तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी आणि औषध दोन्ही मोफत मिळते. डबीत थुंकी नको, खोल खोकून काढलेला बेडका हवा. एवढे नीट सांगितले तरी फेरी वाचते. ज्याला एकट्याने जायला संकोच वाटतो, त्याच्यासोबत आपल्यापैकी एकाने जावे. त्या घरातली माहिती मात्र दुसऱ्या घरात नेऊ नये.

औषध मध्येच का सुटते?

साध्या टीबीचा उपचार साधारण सहा महिने चालतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात बळ येते आणि माणसाला वाटते, बरा झालो. इथेच घात होतो. औषध अर्धवट सोडले की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग उपचार अधिक अवघड होतो.

गोळ्यांमुळे लघवी लालसर-नारिंगी होते. रक्त जाते असे समजून काही जण घाबरून गोळ्या टाकून देतात. हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. पण डोळे पिवळे झाले, नजर धूसर झाली, हातापायांना मुंग्या आल्या किंवा उलट्या थांबत नसतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गावाला जायचे असेल तर आधी केंद्रात सांगून औषधाची सोय करून घ्यावी.

निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली आहे. ती बँक खात्यात जमा होते. खाते नसेल तर ते उघडून देणे हेही समाजकार्यच आहे. पैसे अडले म्हणून गोळ्या थांबवू नयेत. डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध यांतले जमेल ते महिला मंडळाने पोहोचवावे.

ताट वेगळे करू नका

फुप्फुसाचा टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो. ताट, पेला, कपडे किंवा हात लागल्याने तो पसरत नाही. म्हणून खोकताना तोंडावर रुमाल धरावा आणि खिडकी-दार उघडे ठेवावे. घरातल्या सर्वांची तपासणी करावी. पाच वर्षांखालील मुलांसाठी प्रतिबंधक औषधाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. औषध नियमित सुरू झाले की फैलावाचा धोका बराच घटतो.

तरीही आम्ही एका घरात रुग्णाचा पेला वेगळ्या फळीवर ठेवलेला पाहिला. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ज्यांनी ओंजळीत घेतले, त्यांची आपण लेकरे. वेगळ्या पेल्याचा अपमान आपल्याइतका कुणाला ठाऊक आहे? आपल्याच माणसाला तो देऊ नये.

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. अतिसाराने तो आपल्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून कुणी त्याची सेवा करीत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले, स्वतः ओतले आणि दोघांनी त्याला धुऊन मंचकावर निजवले. मग त्यांनी संघाला समजावले, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते, त्याने आजाऱ्याची करावी.

या महिन्याचे काम

दहा घरांमागे दोघे जण नेमा, त्यात एक बाई असावी. फेरी संध्याकाळी सात नंतर किंवा रविवारी काढा आणि सुरुवात शेवटच्या गल्लीपासून करा. आशाताईंना सोबत घ्या. कुणाची गोळी चुकली तर रागावू नका, कारण विचारा. पुढच्या शिबिरात वही उघडाल तेव्हा आधी त्या गल्लीची नावे शोधा.

नमो बुद्धाय, जय भीम.