मोबाईलवरील संदेश व ई-मेल : व्यवहाराची लेखी नोंद

शेतकऱ्याचा माल बांधावरून उचलला जातो, तेव्हां पुष्कळ ठिकाणीं भाव तोंडी ठरतो व पैसे मागाहून मिळावयाचे असतात. पुढें व्यापाऱ्यानें भाव बदलून सांगितला, तर शेतकऱ्याजवळ दाखविण्यास कांहींच नसतें. वास्तविक ज्या मोबाईलवर भाव ठरला, त्यांतच लेखी पुरावा ठेवण्याचें साधन असतें. त्याचा उपयोग कसा करावा, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

१. एस्. एम्. एस्. — पहिला एस्. एम्. एस्. इंग्लंडांत ३ डिसेंबर १९९२ रोजीं पाठविला गेला. एका संदेशांत १४० बाइट एवढीच जागा असते. साध्या रोमन अक्षरास सात बिट पुरतात, म्हणून तीं १६० मावतात. देवनागरी चिन्हास सोळा बिट लागतात, म्हणून तीं ७० च मावतात. काना, मात्रा, अनुस्वार व मोकळी जागा हींही त्यांत मोजलीं जातात. मजकूर वाढल्यास त्याचे अनेक संदेश होतात. याकरितां मायना गाळून माल, वजन, भाव व मुदत एवढेंच लिहावें. उदाहरणार्थ :

कांदा २० क्विंटल. दर क्विंटलला १५०० रु. पैसे ७ दिवसांत. मान्य कळवा.

हीं ६७ चिन्हें होतात. दिनांक व वेळ यांची नोंद मोबाईल आपण होऊन ठेवितो. माल गाडींत चढण्यापूर्वीं हा संदेश पाठवावा आणि ‘मान्य’ असें उत्तर आल्यावांचून गाडी हलूं देऊं नये. एकतर्फी संदेशाचें वजन कमी.

२. ई-मेल — येथें जागेची अडचण नाहीं. विषयाच्या ओळींत मालाचें नांव व दिनांक घालावा. तोलपावतीचें छायाचित्र सोबत जोडावें. जीमेलवर एका पत्रास २५ मेगाबाइटपर्यंत जोडपत्रें चालतात. मुख्य लाभ असा कीं, मोबाईल हरवला तरी पत्राची प्रत दुसऱ्या यंत्रावरून परवलीचा शब्द घालून पाहतां येते. एस्. एम्. एस्. मात्र बहुधा त्या मोबाईलबरोबरच जातो. म्हणून महत्त्वाच्या संदेशाचें पडद्यावरील चित्र काढून स्वतःच्याच ई-मेल पत्त्यावर पाठवून ठेवावें.

३. पुरावा — माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यानें अशा नोंदींस मान्यता दिली आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणें न्यायालयांत त्यांसोबत प्रमाणपत्र द्यावें लागतें. तेव्हां वाद मिटेपर्यंत मूळ संदेश पुसूं नये व तो मोबाईल विकूं नये.

४. सावधगिरी — अनुदान मंजूर झालें असें सांगून दुवा उघडावयास लावणारे संदेश लबाडांकडूनही येतात. बँकेकडून आलेला ओ.टी.पी. कोणासही सांगूं नये. फसवणूक झालीच, तर वेळ न दवडतां १९३० या क्रमांकावर कळवावें. पैसे पुढें सरकण्यापूर्वीं अडविले जाण्याचा संभव असतो.

खळ्यावर माल मोजून घेण्याइतकीच शब्द लिहून घेण्याची संवय शेतकरीबंधूंनीं लावून घ्यावी. त्यास खर्च अल्प, परंतु वर्षभराच्या श्रमांचें मोल त्यानें राखलें जातें.